तिसऱ्या महिन्याची निगेटिव्ह

दादा, तुझा फोटो लावून झाला. हार घातला, मेणबत्त्या लावल्या, भंतेजींनी वंदना घेतली, आणि पुण्यानुमोदनाला आलेलं अर्धं मेडशी गाव जेवून घरी गेलं. जाताना शेजारच्या सरूकाकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, नवऱ्याचा मालेगावात स्टुडिओ, तू एवढी हुशार, अन सख्ख्या भावाचा फोटो असा कसा लावला? तोंडावरचे देवीचे वण सारे दिसून राह्यले. मी म्हटलं, दिसू द्या काकू, त्याचेच आहेत. काकूंना राग आला असावा. आला तर आला.

मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. पण मी सरळ मुद्द्यावर कधी आले आहे का? तूच म्हणायचास, कमलीला चहा मागितला तर ती आधी म्हैस कुठून आणली ते सांगते. आणि लिहायला बसले की माझं बोलणं शाळेतल्या बाईंसारखं होतं, त्यालाही तू हसशील. हस.

तुला तुझ्या ओळखपत्राचा फोटो आठवतो? माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. हे कॅमेरा सांभाळायचे आणि निगेटिव्हवरचं पेन्सिलीचं काम मी शिकत होते. खिडकीपाशी तिरकी फळी, खाली आरसा, आरशातून उजेड वर येणार, फळीवर निगेटिव्ह, आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. अंगावरचा काळा तीळ तिथं पांढरं भोक होऊन दिसतो. ते भोक पेन्सिलीनं हलक्या हातानं भरून टाकलं की छापलेल्या फोटोत तीळ गायब. मी तेव्हा जोरात होते. मालेगाव तालुक्यातल्या कितीतरी पोरींच्या गालांवरचे डाग मी घालवले, त्यांची लग्नं जमली. मग तुला कशी सोडणार? तुझ्या तोंडावरचा एक एक वण मी भरून काढला. तू फोटो घेऊन पोस्टात गेलास आणि तासाभरात परत आलास. पोस्टमास्तर म्हणाले होते, हा देखणा माणूस कोण आहे, याला नोकरीवर कोणी ठेवला? तू स्टुडिओच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलास. मीही हसले. त्या दिवशी थोडं शहाणं व्हायला हवं होतं, ते मात्र झाले नाही.

तू टेम्पररी पोस्टमन होतास, बारा वर्षं. मेडशीहून निघून भोवतालच्या वाड्यावस्त्या पायी करायच्या, काळ्या रानातून, बाभळीच्या काट्यांतून. एकदा तुला ताप होता आणि एका म्हातारीच्या पोराचं मुंबईहून पत्र आलं होतं. वहिनीनं जाऊ नका म्हटलं. तू म्हणालास, तिचं पत्र माझ्या पिशवीत असताना मला झोप कशी येईल. गेलास, वाचून दाखवलंस, आणि तिथंच तिच्या ओसरीवर आडवा झालास. तुझ्या या गोष्टीचा मला फार अभिमान वाटायचा. तुला कधी बोलून दाखवला नाही, कारण तू आधीच चढून बसायचास.

तर ती टाच. डाव्या टाचेवर आतल्या बाजूला काळा डाग. तो कधी आला कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण कुणाला तो डाग वाटलाच नाही. काटा मोडला की आपल्याकडे गरम बिब्ब्याचा चटका देतात, तो काळा राहतो. तुझ्या टाचा म्हणजे बिब्ब्याचं शेतच. आईनं, वहिनीनं, मी, सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी मनात म्हटलं, बिब्बा उतला. दुष्काळ सरल्यावरच्या साली तू पायाला लागलं म्हणून मालेगावच्या सरकारी दवाखान्यात पट्टी करायला गेलास, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हा बिब्बा किती दिवसांचा? तू म्हणालास, असतील तीनेक वर्षं. ते म्हणाले, बिब्बा एवढा टिकत नाही, नागपूरला जा.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात कातडीचे डॉक्टर होते. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग कांद्याची उपमा दिली, ती तू घरी येऊन आम्हाला जशीच्या तशी सांगितलीस. कातडी कांद्यासारखी पापुद्र्यांची असते, हा डाग म्हणजे कॅन्सर आहे, पण वरच्या पापुद्र्यात असावा. आत्ता टाचेचं कातडं कापलं तर एवढ्यावर भागेल. खाली उतरला तर रक्ताच्या वाटेनं कुठंही जाईल, मग पाय काय आणि माणूस काय. आजच भरती हो, म्हणाले. आणि तू, दादा, त्या देवमाणसाशी हुज्जत घातलीस. टाच कापली की सहा महिने चालणं बंद. टेम्पररी माणसाची सहा महिने वाट कोण पाहणार? कायम होण्याची ऑर्डर पावसाळ्याआधी येणार असं मास्तरांनी सांगितलं होतं. तेवढे चार महिने द्या, म्हणालास. डॉक्टर चिडले, समजावून पाहिलं, शेवटी हरले. म्हणाले, निदान दर महिन्याला डागाचा फोटो काढून पाठव. तीच जागा, तोच उजेड, तेवढंच अंतर, शेजारी पट्टी ठेवलेली. फोटोवरून मला कळेल तो पसरायला लागला का. थोडा जरी बदलला तर मी बोलावीन आणि तू त्या दिवशी निघायचं.

आपलं खरं भांडण तेव्हाच झालं. मी म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात, उद्या जाऊन कापून घे. तू म्हणालास, बारा वर्षं चाललो, आता चार महिन्यांसाठी बसू? मी रडले. तू म्हणालास, "तुह्या घरी फोटोचं दुकान हाये न? मंग काढ फोटो. रडून काय होते?"

आम्ही काढले. ह्यांनी लाकडी कॅमेऱ्याच्या भिंगापासून तुझ्या टाचेपर्यंत सुतळी बांधून अंतर ठरवलं आणि ती सुतळी खिळ्याला टांगून ठेवली, दुसऱ्या कामाला कुणी घ्यायची नाही म्हणून. तू रविवारी सकाळच्या एस्टीनं यायचास, बाकावर पालथा झोपायचास आणि म्हणायचास, पाहुणे, पायाला जरा हसायला सांगा. शाळेतली पट्टी टाचेला टेकवून मी धरायची. पहिल्या महिन्यात डागाची कड जिथं होती तिथंच दुसऱ्या महिन्यात होती. मी भिंग लावून पट्टीवरच्या रेघा मोजल्या. पाकीट तू स्वतः टाकलंस. डॉक्टरांचं कार्ड आलं, बदल नाही.

तिसरा महिना आला तो ऐन लग्नसराईत. चैत्रातला वारा, काळ्या मातीची धूळ, कॅमेऱ्यात भरायच्या कोऱ्या फिल्मवरसुद्धा तीच. फोटो काढताना फिल्मवर बसलेला धुळीचा कणसुद्धा निगेटिव्हमध्ये बारीक पांढरं भोक पाडतो, तिळासारखंच. नवऱ्यानवरीच्या निगेटिव्हची चळत माझ्यापुढं होती आणि लग्नघरांतून माणसं फोटोसाठी येऊन बसली होती. तुझी टाच त्याच चळतीत होती. मी आधी पट्टी मोजली, कड जागच्या जागी. मनात म्हटलं, चला, बरं झालं. डागाच्या वरच्या बाजूला चार बारीक भोकं होती. धूळ. पेन्सिल हातात होतीच. एक, दोन, तीन, चार. हात पुढच्या नवरीकडं वळला.

तू फोटो घेऊन गेलास. पुढच्या आठवड्यात कार्ड आलं, बदल नाही, चिंता नसावी. चौथ्या महिन्यात तू आलाच नाहीस. मी निरोप पाठवला तर उलटा निरोप आला, डाक्टर बरा म्हणून राह्यले, मंग कायले? मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. मग तुझी ऑर्डर आली. नवा खाकी शर्ट घालून तू पेढे घेऊन आलास, आणि ह्यांनी तुझा उभा फोटो काढला, पिशवी खांद्याला, टोपी जरा तिरकी. तुझं ते ऐटीत उभं राहणं पाहून मी म्हटलं, कलेक्टर झाल्यासारखं काय करतोस. तू म्हणालास, कलेक्टरची बदली होते, मी आता कायम आहे.

पाऊस लागला आणि तुझ्या जांघेत गाठ आली.

नागपूरला मी सोबत होते. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. तू कपडे चढवत होतास तेव्हा त्यांनी मला विचारलं, डागाच्या भोवती बारीक ठिपके कधी दिसले होते का? सुटे, तिळासारखे? मी म्हटलं, ठिपके कसले? ते म्हणाले, मी सुदामला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डाग बाहेर पडायला लागला की कडेला असे ठिपके येतात. कडेपेक्षाही त्यांच्याकडं जास्त लक्ष ठेवायचं. दादा, तू आम्हाला पट्टी सांगितलीस, सुतळी सांगितलीस, कांदासुद्धा सांगितलास. ठिपके सांगितले नव्हतेस. मला वाटलं, विसरला असेल.

घरी येऊन मी तिसऱ्या महिन्याची निगेटिव्ह काढली आणि खिडकीपाशी तिरकी धरली. तिरक्या उजेडात पेन्सिल चमकते. चार ठिकाणी चमकली. डॉक्टरांनी तिन्ही फोटो पुन्हा मोठे करून मागितले होते. मी तसेच करून दिले, पेन्सिलीसकट. पहिल्यांदा झालं ते हाताच्या सवयीनं झालं. हे मात्र मी डोळे उघडे ठेवून केलं. ह्यांना सांगितलं नाही, वहिनीला नाही. का म्हणून विचारशील तर भीती, दुसरं काही नाही.

तुझी टाच कापली, गाठ काढली, पण तो पुढं निघून गेला होता. तू कुबडी घेऊन मेडशीच्या ओट्यावर बसायला लागलास आणि नवा माणूस तुझी डाक वाटायला लागला. रोज तो निघायच्या आधी तू त्याला वाटा सांगायचास. या वस्तीवर कुत्रा आहे, त्या घरी म्हातारीला पत्र वाचून दाखव, नुसतं टाकून येऊ नको. दिवाळीनंतर तू ओट्यावरूनही आत आलास. मी आठ दिवस तुझ्यापाशी होते. एका दुपारी वहिनी पाण्याला गेली तेव्हा मी धीर केला. म्हटलं, दादा, त्या तिसऱ्या महिन्याच्या निगेटिव्हचं मला काही सांगायचं आहे. तू डोळे उघडलेस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "निगेटिव्हचं काय घेऊन बसली बाप्पा? चाय कर." मी उठले आणि चहा केला. तू दोन घोट घेतलेस. तो विषय तिथंच राहिला आणि चौथ्या दिवशी तू गेलास.

तू गेल्याचं डॉक्टरांना ह्यांनी कळवलं होतं. त्यांचं पत्र आलं. फार चांगलं पत्र आहे रे. तुझ्या विनोदांची आठवण काढली आहे. शेवटी लिहिलं आहे की सुदामचे फोटो ते शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवतात. कड हलली नाही, भोवती एकही ठिपका नाही, तरी डाग आत उतरला. तेव्हा ठिपक्यांवरून काही ठरत नाही, असं ते आता शिकवतात. ते पत्र मी चारदा वाचलं. कुठल्या तरी गावातला एखादा चालणारा माणूस उद्या त्या पोरांपुढं पाय करेल. त्याच्या टाचेवर ठिपके असतील आणि ती पोरं म्हणतील, यावरून काही ठरत नाही, पुढच्या महिन्यात ये. माझ्या पेन्सिलीमुळं. फोटो खरा होता, मी त्याला खोटं बोलायला लावलं.

परवा वहिनी मालेगावला आली, पुण्यानुमोदनाचा फोटो निवडायला. खाकी शर्टातला निघाला. मी निगेटिव्ह फळीवर ठेवली, पेन्सिल उचलली, आणि टेकवताच टोक मोडलं. दुसरी घेतली, तीही मोडली. वहिनी बघत होती. तिनं उठून माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, खाली बसली आणि म्हणाली, "बाई, त्यायले माहीत होतं."

मी विचारलं, काय?

"तुमचा तिसरा फोटो घेऊन आले न, मंग आरसा मांगितला. टाच आरशात पाह्यली. चार टिपके होते, म्या सोता पाह्यले. फोटोत एकबी नोयता. मले म्हणे, कमलीच्या हातानं पुसल्या गेले. तिनं जाणून नाही पुसले. आपल्याले दोन महिने भेटले असं समज. अन तिले सांगजो नको, थे पेन्सिल हाती धरणार नाही मंग."

मग तिनं राहिलेलं सांगितलं. कायम झालेला माणूस गेला तर त्याच्या बायकोला सरकार वाऱ्यावर सोडत नाही, टेम्पररीच्या बायकोला कुणी ओळखत नाही, हे तू तिला त्याच दिवशी समजावलं होतंस. ती रडली, तुझ्या पाया पडली, उद्या नागपूरला चला म्हणाली. तू तिच्याकडून गळ्याची शपथ घेतलीस. आणि पाकीट बंद करून टाकून आलास.

दादा, मला तुझा इतका राग आला आहे की तू समोर असतास तर मी तुझी पिशवी फेकून दिली असती. माझ्या चुकीवर तू आपला जीव बांधलास आणि मला विचारलंही नाहीस. आपल्या बायकोला शपथ घातलीस, ते एवढं ओझं तिनं एकटीनं वाहिलं. आणि मी आठ दिवस तुझ्या उशाशी बसून आतल्या आत जळत होते, तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं! चाय कर म्हणालास. ठिपके मुद्दामच सांगितले नव्हतेस ना? घाबरून मी तुला ओढत नेलं असतं हे तुला माहीत होतं. नेलंच असतं.

आणि तरीही, वहिनी सांगत होती तेव्हा माझ्या छातीवरचा दगड हलला, हेही खरं आहे. तू माझी चूक पाहिली होतीस आणि पाहूनही पेढे घेऊन आलास, ऐटीत उभा राहिलास, माझ्या हातचा चहा मागितलास. मला माफ करायचं राहिलं नव्हतं, तू ते चैत्रातच उरकून टाकलं होतंस. वाचला असतास का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. चैत्रातच तो उतरला असेल, म्हणतात. मी रोज त्यावर विचार करते आणि रोज तिथंच येते.

त्या दिवशी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, स्टुडिओचं नाव जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मग मी टर्पेंटाईनमध्ये कापूस भिजवला आणि तिसऱ्या महिन्याच्या निगेटिव्हवरून फिरवला. पेन्सिल लगेच निघाली, लावायलाही तेवढाच वेळ लागला होता. हे आत जाऊन फोटो छापून घेऊन आले. काळा डाग, शेजारी पट्टी, आणि वरच्या अंगाला चार ठिपके, स्वच्छ. ह्यांनी स्वतःच पुठ्ठा कापला, फोटो वाकू नये म्हणून. तुझ्या तोंडाचा फोटो मी पेन्सिल न लावता छापला. वणांसकट तू चांगला दिसतोस. मास्तरांनी ओळखला असता.

डॉक्टरांना पत्र लिहिलं. लिहिलं की ठिपके होते, धूळ समजून मी पुसले, आणि पुढं कळूनही गप्प बसले. पोरांना हा फोटो दाखवा, आणि फोटोग्राफरला आधी पेन्सिल खाली ठेवायला सांगा. तुला माहीत होतं, हे लिहिलं नाही. ते आपल्या दोघांचं भांडण आहे, ते मी इथंच भांडत राहीन.

आज माणसं पांगल्यावर मी पाकीट घेऊन मेडशीच्या पोस्टाबाहेरच्या लाल पेटीपाशी गेले. बारा वर्षं ती तू उघडलीस. त्या पेटीतली एक खबर तू कधी अडवली नाहीस, कुणाच्या मरणाची असो, पोरीला टाकून दिल्याची असो, ताप अंगात घेऊन पोचवलीस. सगळ्या मुलखात एकच अडवलीस, दादा, आपल्या टाचेची. ती मी आज पेटीत टाकली.